घरी बनवलेलं गिटार पेडल आणि बाहेरचा वीजपुरवठा : बॅटरीऐवजी अडॅप्टर लावताना काय काय पाहावं?



आजचा लेख थोडा वेगळ्या विषयावर आहे, पण त्यातलं विज्ञान आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकातलंच आहे. लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या शाळेतला नववीतला एक मुलगा गिटार वाजवतो. त्याने सुट्टीत घरी एक इफेक्ट पेडल बनवलं. वडिलांबरोबर पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन सुटे भाग आणले, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, सोल्डरिंग केलं आणि पेडल चक्क वाजलं. स्नेहसंमेलनात त्याचं वादन ठेवलं होतं. शनिवारी दुपारी सराव झाला, पेडल पिशवीत गेलं. सोमवारी संध्याकाळी रंगीत तालमीला काढलं तर बॅटरी ठार! गावात त्या वेळी ९ व्होल्टची बॅटरी कुठे मिळणार? मी म्हणालो, "अरे, डब्याला अडॅप्टरचं भोक आहे ना? ऑफिसातल्या वायफायचा अडॅप्टर आण, पिन बसतेय का बघ."

पिन बसली. बटण दाबलं. 'टक्' असा आवाज आला, जळका वास सुटला आणि पेडल बंद पडलं. पोरगं रडलं नाही. एवढंच म्हणालं, "सर, तुम्ही म्हणालात म्हणून लावला."

खरं सांगतो, विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला त्या रात्री झोप लागली नाही. पिन बसली म्हणजे वीज जुळली, असं मी गृहीत धरलं होतं. म्हणून हा लेख. चला तर मग, पेडलला बाहेरून वीज द्यायची असेल तर काय काय पाहायचं आणि का, ते क्रमाने समजून घेऊ.

१) इफेक्ट पेडल म्हणजे काय आणि त्याला वीज किती लागते?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. त्याला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी लहानसं विभवांतर तयार होतं. हा संदेश वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जातो. वाटेत पेडलचा डबा ठेवला तर तो या संदेशात बदल करतो. कुणी आवाज वाढवतो, कुणी खरखरीत करतो, कुणी प्रतिध्वनी देतो. डब्यावरचं बटण पायाने दाबायचं असतं, म्हणून नाव पेडल.

आमच्या मुलाचं पेडल आवाज खरखरीत करणारं, म्हणजे ओव्हरड्राइव्ह होतं. त्यात टीएल०७२ नावाची एक आयसी, काही रोधक, काही कपॅसिटर आणि एक लाल एलईडी एवढाच संसार. आता हिशेब करू. हा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर घ्या.

- आयसी : सुमारे ३ मिलीअँपिअर.
- ९ व्होल्टचे दोन समान भाग करण्यासाठी लावलेले १०,००० ओहमचे दोन रोधक एकसरीत : ९ ÷ २०,००० = ०.४५ मिलीअँपिअर.
- लाल एलईडी : एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरले ७ व्होल्ट. सोबतचा रोधक १००० ओहमचा. म्हणजे ७ ÷ १००० = ७ मिलीअँपिअर.

एकूण झाले साधारण साडेदहा मिलीअँपिअर. गंमत पाहा, गिटारचा आवाज घडवणाऱ्या आयसीपेक्षा नुसता दिवा दुपटीहून जास्त वीज खातोय! दिव्याचा रोधक ४७०० ओहमचा केला तर दिव्याची धारा ७ ÷ ४७०० म्हणजे दीड मिलीअँपिअर होते आणि एकूण खर्च ५ वर येतो. दिवा थोडा मंद होतो, पण दिसतो. ओहमचा नियम परीक्षेपुरता नसतो, तो इथे थेट पैसे वाचवतो.

२) बॅटरी संपली कशी?

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आपल्या प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरमध्येही असते. साध्या बॅटरीवर '६एफ२२' असं छापलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे आत १.५ व्होल्टचे ६ घट एकसरीत आहेत. ६ × १.५ = ९. मुलांना हे सांगितलं की बॅटरी हातात घेऊन बघतातच.

या बॅटरीची क्षमता साधारण ४०० ते ५०० मिलीअँपिअर-तास असते. साडेदहा मिलीअँपिअर सतत घेतले तर ती ३८ ते ४८ तास पुरेल. शनिवार दुपार ते सोमवार संध्याकाळ किती तास होतात? पन्नासच्या आसपास! म्हणजे पेडल दोन दिवस पिशवीत चालूच होतं. दिवाही पेटलेलाच असणार, पण पिशवीत कुणाला दिसणार?

पण पेडलला चालू-बंद करायचं वेगळं बटण का नसतं? तर गिटारची वायर हेच त्याचं बटण असतं. पेडलच्या इनपुटला मोनो नव्हे तर स्टिरिओ सॉकेट लावतात. (दुकानात या ६.३५ मिलिमीटरच्या पिनेला 'पी ३८' म्हणतात.) स्टिरिओ सॉकेटला तीन टोकं असतात : टोक, कडी आणि बाहेरचा भाग. बॅटरीची काळी वायर कडीला जोडलेली असते. गिटारची मोनो पिन आत घातली की कडी आणि बाहेरचा भाग एकमेकांना जोडले जातात, परिपथ पूर्ण होतो आणि पेडल सुरू होतं. पिन काढली की बंद. म्हणून पहिला नियम : वाजवून झालं की इनपुटची वायर काढायची. आमच्या पोराने डब्यात खोचलेली आखूड वायर तशीच ठेवली होती.

बॅटरीचा हा खर्च आणि बेभरवसा टाळायचा म्हणून बाहेरचा अडॅप्टर. आणि खरी काळजी इथेच घ्यायची.

३) अडॅप्टरवरचं लेबल वाचायला शिकू

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही, हा आपला दोष. चार गोष्टी पाहायच्या.

पहिली – एसी की डीसी? घरातल्या प्लगमधली वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती विद्युतधारा असते. बहुतेक अडॅप्टर तिचं रूपांतर दिष्ट विद्युतधारेत, म्हणजे डीसीत करतात. पण काही अडॅप्टर फक्त व्होल्ट कमी करतात आणि बाहेर एसीच देतात. 'आउटपुट'च्या ओळीत लाटेचं चिन्ह (~) असेल तर तो एसी समजा. आपल्या पेडलला तो चालत नाही, कारण त्यात दिशा सेकंदाला १०० वेळा उलटी होते. 'इनपुट'च्या ओळीत मात्र लाटेचं चिन्ह असणारच, तिथे गोंधळ करू नका.

दुसरी – व्होल्ट किती? पेडल ९ व्होल्टचं असेल तर ९. ऑफिसातला वायफायचा अडॅप्टर १२ व्होल्टचा होता. पिन मात्र तीच, बाहेरचा व्यास ५.५ आणि आतला २.१ मिलिमीटर. पिनेच्या मापावरून व्होल्ट कळत नाहीत, हे त्या दिवशी मी शिकलो.

तिसरी – अँपिअर किती? इथे पालकांचा नेहमीचा प्रश्न येतो. "पेडलला १० मिलीअँपिअर लागतात आणि अडॅप्टर १ अँपिअरचा आहे, मग पेडल जळणार नाही का?" नाही जळणार. गच्चीवरच्या टाकीत १००० लिटर पाणी असलं म्हणून पेला १००० लिटर घेत नाही, पेल्यात मावतं तेवढंच जातं. अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. किती घ्यायचे ते सर्किट ठरवतं. म्हणून अडॅप्टरचा हा आकडा गरजेपेक्षा जास्त असावा, कमी असू नये.

पण याची दुसरी बाजूही आहे. जोडणी उलटी झाली किंवा शॉर्ट झाली तर छोटी बॅटरी थोडीशीच धारा देते आणि दमते. १ अँपिअरचा अडॅप्टर मात्र दमत नाही. चुकीच्या वेळी हीच ताकद घात करते.

चौथी – मधली पिन धन की ऋण? लेबलवर एक छोटं चित्र असतं : मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल आणि दोन बाजूंना + व – ची चिन्हं. ठिपक्याकडे जाणारी रेघ ज्या चिन्हाला जोडलेली, ते मधल्या पिनेचं चिन्ह. वायफाय राउटर, सीसीटीव्ही वगैरेंच्या अडॅप्टरमध्ये बहुधा मध्ये धन असतं. गिटार पेडलच्या दुनियेत मात्र मध्ये ऋण असण्याचा प्रघात आहे. माझी चूक नेमकी इथे झाली.

आता सगळं एकत्र करा. १२ व्होल्ट, तेही उलटे आणि मागे १ अँपिअरची ताकद. आयसीला उलटं विभवांतर मिळालं की तिच्यातून नको त्या वाटेने भरमसाट धारा वाहते आणि ती तापून मरते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला तर धन-ऋण टोकं ठरलेली असतात. ती उलटी झाली की आतला थर बिघडतो, आत वायू तयार होतो, कपॅसिटर फुगतो आणि कधी फुटतोही. तो 'टक्' आवाज त्याचाच होता.

४) पेडलमध्ये मधली पिन ऋण का ठेवली असेल?

हा प्रश्न मला त्या मुलानेच विचारला. "सर, सगळं जग मध्ये धन ठेवतं, मग गिटारवाल्यांनाच काय झालं?"

याचं उत्तर डीसी सॉकेटच्या रचनेत सापडतं. सॉकेटला तीन टोकं असतात : मधल्या पिनेचं, बाहेरच्या भागाचं आणि तिसरं एक 'स्विच'चं. सॉकेट रिकामं असताना तिसरं टोक बाहेरच्या भागाच्या टोकाला टेकलेलं असतं. अडॅप्टरची पिन घातली की ते सुटतं. हा स्विच बाहेरच्या भागाच्या बाजूला असतो, मधल्या पिनेच्या बाजूला नाही.

आपल्याला हवं काय, तर अडॅप्टर लावला की बॅटरी आपोआप सुटली पाहिजे. नाहीतर अडॅप्टर बॅटरीत उलटी धारा ढकलेल आणि ती साधी बॅटरी चार्ज होण्यासाठी बनवलेली नसते. ती तापेल, गळेल. बॅटरीची ऋण बाजू तर आधीच गिटारच्या सॉकेटच्या कडीवर खर्ची पडलीय. मग डीसी सॉकेटच्या स्विचने बॅटरीची धन बाजू तोडायची. म्हणजे बाहेरचा भाग धन आणि मधली पिन ऋण. एवढी साधी सोय आहे ही. कंपन्यांनी तीच पद्धत धरली आणि ती रूढ झाली.

५) प्रत्यक्ष जोडणी

हातात सॉकेट घेऊन मल्टिमीटर बझरवर ठेवा. रिकाम्या सॉकेटची जी दोन टोकं एकमेकांशी बोलतात (बझर वाजतो) आणि पिन घातल्यावर बोलायची थांबतात, त्यातलं एक बाहेरच्या भागाचं आणि दुसरं स्विचचं. उरलेलं मधल्या पिनेचं. मग जोडणी अशी :

- डीसी सॉकेटची मधली पिन – सर्किटचं ग्राउंड, म्हणजे गिटारच्या सॉकेटचा बाहेरचा भाग.
- डीसी सॉकेटचा बाहेरचा भाग – सर्किटच्या धन बाजूकडे (मध्ये डायोड, तो पुढे पाहू).
- डीसी सॉकेटचं स्विचचं टोक – बॅटरीची लाल वायर.
- बॅटरीची काळी वायर – गिटारच्या स्टिरिओ सॉकेटची कडी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, सॉकेट प्लास्टिकच्या अंगाचं घ्या. पेडलचा पत्र्याचा डबा ग्राउंडला, म्हणजे ऋण बाजूला जोडलेला असतो. धातूच्या अंगाच्या सॉकेटचा बाहेरचा भाग (आपल्याकडे धन) डब्याला टेकला की थेट शॉर्ट! दोन, अडॅप्टरची पिन सॉकेटमध्ये आहे पण भिंतीवरचं बटण बंद आहे, अशा वेळी पेडल बॅटरीवर चालणार नाही, कारण बॅटरी तुटलेली असते. बिघाड समजून डबा उघडत बसू नका.

६) उलट जोडणीपासून संरक्षण : एक डायोड

डायोड म्हणजे एकाच दिशेने उघडणारं दार. धन बाजूच्या वाटेवर एक डायोड एकसरीत लावला की सुलट वीज आत जाते, उलटी दारातच अडते. आमच्या पोराच्या आकृतीत हा डायोड नव्हता. दोन-चार रुपयांच्या वस्तूने सगळं पेडल वाचलं असतं.

डायोड कुठला? साधा १एन४००१ किंवा १एन४००७ चालतो, पण त्यावर सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्च होतात. १एन५८१७ हा शॉट्की प्रकारचा डायोड लावला तर इतक्या कमी धारेला साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टच जातात. बॅटरी उतरत आली की हे अर्धा व्होल्ट महत्त्वाचे ठरतात, म्हणून शॉट्की बरा. त्याच्या अंगावरचा पट्टा सर्किटच्या बाजूला ठेवायचा. डायोड सॉकेटच्या पुढे लावला तर घाईत बॅटरीची क्लिप उलटी टेकली तरी पेडल वाचतं.

काही आकृत्यांत डायोड समांतर, उलटा लावलेला दिसतो. त्यात नेहमीच्या वेळी एकही व्होल्ट वाया जात नाही, पण चूक झाली की तो डायोड वीज शॉर्ट करतो आणि ताकदवान अडॅप्टरपुढे स्वतः जळू शकतो. शाळकरी मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूला एकसरीतला डायोडच लावा.

७) 'घूंऽऽ' असा आवाज कुठून येतो?

बॅटरीवर शांत असलेलं पेडल अडॅप्टरवर गुणगुणायला लागतं, अशी तक्रार हमखास येते. इथे नववीच्या 'धाराविद्युत' आणि 'ध्वनीचा अभ्यास' या दोन पाठांची भेट होते.

आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या, जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमध्ये चार डायोड लाटेचा खालचा अर्धा भागही वर उलटवतात. त्यामुळे सेकंदाला ५० ऐवजी १०० उंचवटे तयार होतात. आतला कपॅसिटर ते सपाट करतो, पण पूर्ण नाही. थोडी लाट उरतेच. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, म्हणजे १०० हर्ट्झची ही लाट आपल्या कानाच्या टप्प्यात आहे. इतकंच नाही, गिटारची सर्वात जाड तार मोकळी वाजवली तर सुमारे ८२ हर्ट्झ आणि तिच्या तिसऱ्या पट्टीवरचा 'जी' स्वर ९८ हर्ट्झ. म्हणजे ही गुणगुण नेमकी गिटारच्या स्वरांमध्येच येऊन बसते. त्यात पेडल आवाज मोठा करणारं, मग ती आणखी मोठी होते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, म्हणून तिकडच्या पुस्तकांत १२० हा आकडा सापडतो. मुलं विचारतील, तयार राहा.

उपाय सोपा आहे. डायोडच्या पुढे १०० ओहमचा रोधक आणि त्यानंतर धन व ग्राउंड यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटरला पाण्याची छोटी टाकी समजा. वरून धार कमी-जास्त झाली तरी खालच्या नळाला पाणी एकसारखं मिळतं. १०० हर्ट्झच्या लाटेला या कपॅसिटरचा विरोध फक्त १६ ओहमच्या आसपास असतो. त्यामुळे बरीचशी लाट तिथूनच ग्राउंडला निघून जाते आणि सर्किटपर्यंत साधारण सहावा भाग पोहोचतो.

"मग सर, १०० ऐवजी १००० ओहम लावला तर आणखी शांत होईल ना?" होईल, पण हिशेब कर. ५ मिलीअँपिअर × १००० ओहम = ५ व्होल्ट रोधकातच गेले. उरले चारच्या आत. आयसी उपाशी राहील. १०० ओहममध्ये मात्र अर्धाच व्होल्ट जातो. कुठे थांबायचं हेही विज्ञानच सांगतं.

हा कपॅसिटर १६ ऐवजी २५ व्होल्टचा घ्या. कारण जुने, 'नियंत्रित' नसलेले अडॅप्टर लेबलवर ९ लिहितात, पण ते पूर्ण भाराला. पेडलसारखा हलका भार असेल तर ते १२-१३ व्होल्टही देतात. लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा. मोकळा असतानाही बरोबर ९ दाखवत असेल तर तो नियंत्रित. तोच घ्यावा.

आजकालचे हलके, छोटे अडॅप्टर वेगळ्या पद्धतीचे असतात. ते खूप जास्त वारंवारितेवर काम करतात. त्यांची 'घूं' नसते, पण स्वस्तातला असेल तर बारीक शिट्टी ऐकू येते. वरचा रोधक-कपॅसिटर तिथेही मदत करतो. तरी शिट्टी राहिलीच, तर अडॅप्टर बदलणं हाच मार्ग.

८) घरात १२ व्होल्टचाच अडॅप्टर असेल तर?

फेकून द्यायची गरज नाही. ७८०९ नावाची तीन पायांची आयसी १२ व्होल्टचे ९ करते. तिला आत येणारी वीज बाहेर द्यायच्या विजेपेक्षा सुमारे २ व्होल्टनी जास्त लागते. म्हणजे ११ च्या वर हवी. १२ पुरते. पण आधी मधल्या पिनेचं चिन्ह तपासायचंच! मध्ये धन असेल तर अडॅप्टरच्या वायरीला नवी पिन उलट जोडून घ्यावी लागेल आणि त्या अडॅप्टरवर 'फक्त पेडलसाठी' अशी चिठ्ठी चिकटवावी लागेल. नाहीतर तो परत राउटरला लागेल आणि मग राउटर जाईल.

७८०९ स्वतःच काही मिलीअँपिअर खाते, म्हणून तिच्यातून बॅटरी चालवू नका. ती अडॅप्टरच्या बाजूला, वेगळ्या छोट्या डबीत बसवलेली बरी.

९) एक महत्त्वाचा अपवाद

सगळी पेडलं सारखी नसतात. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये आलेलं 'फझ फेस' हे गोल पेडल जिमी हेंड्रिक्समुळे जगभर गाजलं. त्याच्या मूळ सर्किटमध्ये जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते आणि त्यात ग्राउंडला बॅटरीची धन बाजू जोडलेली होती. आजही हौशी मंडळी ते सर्किट घरी बनवतात. असं पेडल आणि नेहमीचं पेडल एकाच अडॅप्टरच्या फाट्यांवर लावलं तर? एकाचं ग्राउंड धन, दुसऱ्याचं ऋण आणि गिटारच्या वायरीने दोघांचे ग्राउंड जोडलेले. सरळ शॉर्ट! अशा पेडलला बॅटरी किंवा स्वतंत्र अडॅप्टरच द्यावा.

बाकी नेहमीची तीन-चार साधी पेडलं एका अडॅप्टरवर चालतात. प्रत्येकाचे मिलीअँपिअर मिळवायचे आणि अडॅप्टरचा आकडा त्याहून भरपूर जास्त ठेवायचा.

१०) पालकांसाठी आणि शाळेसाठी : जिवाची काळजी आधी

आत्तापर्यंत चुकलं तर पेडल जात होतं. आता जे सांगतो ते चुकलं तर माणूस जाऊ शकतो.

- मुलांनी २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायचा नाही. अडॅप्टर घरी बनवायचा नाही, उघडायचा नाही. बीआयएसचं चिन्ह असलेला तयार अडॅप्टर आणायचा आणि प्रयोग ९ व्होल्टच्या बाजूलाच करायचे.
- गिटारच्या धातूच्या तारा वायरीमार्फत ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं सतत त्या ग्राउंडवर असतात. ॲम्पच्या तीन पिनी प्लगची जाड, लांब पिन अर्थिंगची. सभागृहात दोन पिनी बोर्ड मिळाला किंवा 'घूं' आवाज येतोय म्हणून ती पिन कापायची किंवा वगळायची कधीही नाही. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज जमिनीत जाण्याऐवजी मुलाच्या हातातून जाईल.
- मांडवात, ओल्या जमिनीवर अनवाणी वाजवू देऊ नका. तारांना हात लावल्यावर जोराचा झटका बसला तर लगेच मुख्य बटण बंद करा आणि वायरमनला दाखवा.
- नवं सर्किट पहिल्यांदा चालू करताना तोंड जवळ नेऊ नका. कपॅसिटर उलटा लागला असेल तर फुटून डोळ्याला लागू शकतो. साधा चष्मा किंवा गॉगल लावा. पहिली चाचणी बॅटरीवर घ्या, नंतर अडॅप्टर.

११) वर्गात घेण्यासारखा उपक्रम

मुलांना घरातले निरुपयोगी पडलेले अडॅप्टर आणायला सांगा. गटात तक्ता करायला लावा : एसी की डीसी, व्होल्ट, अँपिअर, मधली पिन धन की ऋण. नंतर शिक्षकांनी स्वतः मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून तांबडी सुई पिनेच्या मधल्या भोकात आणि काळी बाहेरच्या भागाला लावून दाखवावी. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर मध्ये ऋण. लेबल आणि मोजमाप जुळतंय का, ते मुलांनी ताडून पाहावं.

शेवटी हे प्रश्न द्या :

१. एका पेडलला १२ मिलीअँपिअर लागतात. ४८० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी किती तास पुरेल?
२. ९ व्होल्टवर लाल एलईडीतून २ मिलीअँपिअर जाऊ द्यायचे आहेत. रोधक किती ओहमचा लावाल?
३. १ अँपिअरचा अडॅप्टर १० मिलीअँपिअरच्या पेडलला का चालतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

(उत्तरं : ४० तास, ३५०० ओहम, तिसऱ्याचं उत्तर मुलांकडूनच ऐका.)

जाता जाता

स्नेहसंमेलनात तो मुलगा पेडलशिवाय वाजवायला बसला. टाळ्या मिळाल्या, पण त्याचा चेहरा उतरलेलाच होता. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, हे खूळ आता बंद करतो. दहावी तोंडावर आलीय." मी त्यांना सांगितलं, "चूक त्याची नाही, माझी आहे. दोन आठवडे द्या."

दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं प्रयोगशाळेत बसलो. आयसी आणि दोन कपॅसिटर बदलले, डायोड लावला, एलईडीचा रोधक वाढवला. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. दुसऱ्या शनिवारी वडीलही येऊन बसले. पोराने त्यांनाच मल्टिमीटर धरायला लावला आणि विचारलं, "सांगा बाबा, मध्ये धन का ऋण?" त्यांनी उणे चिन्ह बघितलं आणि बरोबर सांगितलं. खूळ बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या डब्यावर, सॉकेटच्या शेजारी, आता पांढऱ्या रंगात तीन गोष्टी लिहिल्यात : ९ व्होल्ट, डीसी, मध्ये ऋण. तुमच्या घरी किंवा शाळेत कुणी असं काही बनवत असेल, तर हे तीन शब्द त्याच्याकडून आधी लिहून घ्या. आणि "पिन बसते ना, मग लाव" असं माझ्यासारखं म्हणू नका.